कच्चा आहार आणि दमसास

गेल्या वर्षी क्रॉसकंट्रीच्या तयारीला लागलो, तेव्हा गावच्या तालमीतील एका जुन्या पैलवानांनी सांगितले, "पोरा, रोज चार अंडी कच्चीच पी, भाकरी कमी कर. दम आपोआप वाढेल." आईने रोजगाराच्या पैशांतून महिनाभर अंडी पुरविली. दम वाढला नाही. उलट पाचव्या किलोमीटरलाच पाय जड होऊ लागले. असे का व्हावे, हे शोधण्यासाठी मी ग्रंथालयाची वाट धरली.

कच्च्या मांसावर माणूस कष्ट करू शकतो, हे खरे आहे. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक मांस-मासे पुष्कळदा कच्चे किंवा गोठलेले खात आले. त्यात थोडे 'क' जीवनसत्त्व टिकून राहते. फ्रेडरिक श्वाट्का या अमेरिकन अधिकाऱ्याने १८७८ ते १८८० च्या मोहिमेत प्रामुख्याने शिकारीच्या मांसावर बर्फातून सुमारे ५,२०० किलोमीटर प्रवास केला. मात्र आरंभीचे दोन-तीन आठवडे अशक्तपणा जाणवतो, असेही त्याने नोंदविले आहे.

याचे कारण शरीरातील इंधनात आहे. चरबीचा साठा मोठा, पण ती सावकाश जळते. स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा लहान, पण वेगाने धावताना तोच कामी येतो. तो मुख्यतः पिष्टमय पदार्थांतून भरतो आणि मांस-अंड्यांत पिष्ट जवळजवळ नसतेच. स्वीडनमध्ये १९६७ साली झालेल्या प्रयोगात चरबी-प्रथिनांच्या आहारावर माणसे सुमारे एक तास, तर पिष्टमय आहारावर अडीच तासांहून अधिक काळ सायकल चालवू शकली. १९८३ मध्ये फिनी यांच्या पाच सायकलपटूंनी चार आठवडे पिष्टाविना सराव केला; मध्यम गतीत त्यांचा टिकाव पूर्वीइतकाच राहिला. म्हणजे शरीर रुळते, पण ते मध्यम गतीपुरते. चढाओढीच्या वेगाला प्राणवायू जास्त लागतो, हे २०१७ मध्ये चालण्याच्या शर्यतीतील खेळाडूंवर दिसून आले.

राहिला प्रश्न कच्चेपणाचा. बेल्जियममधील १९९८ च्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के, तर कच्च्यातील ५१ टक्केच प्रथिन पचल्याचे आढळले. शिवाय साल्मोनेलासारख्या जंतूंचा धोका आहेच.

म्हणजे आईच्या पैशांतली जवळजवळ निम्मी प्रथिने वाया गेली होती! आता मी दोन अंडी उकडून खातो आणि भाकरी पोटभर. पैलवानांचा मान राखूनही, खेळाडू मित्रांनो, ताटातली भाकरी कमी करण्यापूर्वी एकदा विचार करा.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला