दीड गुंजेचे गणित

गेल्या वर्षी एन.सी.सी.च्या शिबिरात नेमबाजीच्या चमूसाठी माझी निवड झाली नाही, तेव्हा मी त्याचे खापर काडतुसांवर फोडले. परत आल्यावर कॉलेजात चार मित्रांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "काडतुसेच सारखी नव्हती. एकात दारू जास्त, दुसऱ्यात कमी. मग गोळ्या एका जागी लागणार कशा?" हे विधान कितपत खरे होते, याचा उलगडा मला दिवाळीच्या सुटीत वाशिमच्या सराफ्यात, आजोबांच्या दुकानात बसून झाला. इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्याने पदार्थविज्ञानात नाक खुपसू नये असे कोणी म्हणेल. पण विषय मुळात वजनमापाचा आहे, आणि वजनमापावर सोनाराच्या नातवाचा थोडा हक्क पोहोचतो.

माझे मामा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतात. त्याच राज्यात एरी सरोवराच्या काठी कँप पेरी नावाचे मैदान आहे आणि 1907 पासून तिथे त्या देशाच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरत आल्या आहेत. मामांना पिस्तूल नेमबाजीचा छंद आहे आणि स्पर्धेची काडतुसे ते स्वतः घरी भरतात. तिकडे कायद्याने याला मुभा आहे. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा कोणी हा लेख वाचून घरी उद्योग सुरू करू नये. आणि आणखी एक खुलासा: येथे दारू म्हणजे बंदुकीची. दुसरीचा उल्लेख आमच्या घरात होत नाही.

एन.सी.सी.त आपण जी .22 ची काडतुसे वापरतो ती पुन्हा भरता येत नाहीत, कारण पेट घेणारे मिश्रण त्यांच्या बुडाच्या काठात पसरलेले असते आणि घोड्याच्या आघाताने तो काठच चेपतो. मामांची .38 स्पेशल जातीची काडतुसे मात्र मध्यभागी पेटणारी. वापरलेल्या पितळी नळकांडीतली जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची. लक्ष्यभेदासाठीची ही गोळी पुढून सपाट असते, म्हणजे कागदाला छिद्र स्वच्छ गोल पडते आणि गुणांविषयी वाद उरत नाही. कागदच तर भेदायचा. त्यासाठी मोठा जोर कशाला? जोर कमी तर धक्का कमी, आणि दहा सेकंदांत पाच गोळ्या सोडायच्या असतात तेव्हा धक्का कमी असणे फार मोलाचे. म्हणून दारू अगदी थोडी, 2.7 ग्रेनच्या आसपास घालतात. नेमका आकडा दारू बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यायचा असतो.

मामांनी ग्रेन म्हटल्याबरोबर आजोबांनी चष्मा वर केला. एक तोळा म्हणजे 180 ग्रेन, हे त्यांना पाठ. आपल्याकडे आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यात 96 गुंजा. भागाकार केला तर एक गुंज 1.875 ग्रेनची. "म्हंजे दीड गुंजीले थोडी कमीच," आजोबा म्हणाले. 1956 च्या कायद्यानंतर दशमान वजने आली आणि गुंज काट्यावरून उतरली, तरी त्यांच्या गल्ल्यात लाल अंगाच्या, काळ्या डोळ्याच्या गुंजांची एक डबी अजून आहे. सातासमुद्रापारच्या पिस्तुलाचा हिशेब त्या डबीत निघाला याचा त्यांना फार आनंद झाला.

अडचण या थोडेपणातच आहे. रायफलीच्या मोठ्या काडतुसात चाळीसेक ग्रेन दारू असते. तिथे दशांश ग्रेन इकडेतिकडे झाला तर चूक शेकडा पाव टक्का. तोच दशांश ग्रेन 2.7 ग्रेनमध्ये चुकला तर जवळजवळ पावणेचार टक्के. हात तोच, यंत्र तेच, चूकही तेवढीच; पण ती पंधरापट जड होते. आजोबांच्या भाषेत सांगायचे तर पाटल्या तोलताना जी चूक दिसत नाही, ती नथ तोलताना दिसते.

त्यात नळकांडीचा आकार. .38 स्पेशल हे काडतूस 1898 च्या सुमारास निघाले ते काळ्या दारूसाठी, आणि तेव्हा त्यात सुमारे 21 ग्रेन दारू जाई. आजच्या धूररहित दारूचे पावणेतीन ग्रेन त्या नळकांडीत म्हणजे रांजणाच्या तळाशी वाटीभर पाणी. पिस्तूल तोंड खाली करून मग समोर आणले तर दारू गोळीकडे सरकलेली असते. तोंड वर करून आणले तर टोपीजवळ. दारू तीच, तितकीच, पण पेटण्याची रीत बदलते आणि गोळीचा वेगही बदलतो. त्यामुळे मामा प्रत्येक वेळी पिस्तूल एकाच रीतीने उचलतात.

आणि याच रिकाम्या जागेत खरा धोका आहे. चुकून दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती वर येत नाही. तिसऱ्यांदा पडली तरी मावते. असे काडतूस पिस्तूल फोडते. उलट एखाद्यात दारू पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि ते न कळता मागून दुसरी सोडली तर तोच परिणाम. मामा पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पन्नास नळकांडी उभी करतात आणि गोळी बसवण्यापूर्वी बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावतात. "वजनात फरक पडला तर गुण जातील," ते म्हणाले, "इथं फरक पडला तर बोटं जातील." त्या वेळी त्यांच्या खोलीत रेडिओ बंद असतो आणि मामीलासुद्धा बोलायची बंदी.

पन्नास वेळा दीड गुंज तोलत कोण बसणार? म्हणून माप वापरतात. वर दारूची उभी नळी, खाली फिरणारे रूळ, रुळात एक खळगा. दांडा वर केला की खळगा भरतो, खाली केला की रिकामा होतो. म्हणजे मोजले जाते आकारमान आणि हवे असते वजन. या दोहोंतले अंतर कशाने वाढते हे समजावे म्हणून आजोबांनी पितळी नळीचा एक तुकडा कापून, एक तोंड बंद करून मला इवलेसे माप करून दिले. मी खसखस घेतली. माप बुडवायचे, पोस्टकार्डाच्या काठाने सपाट करायचे, काट्यावर ओतायचे, लिहून ठेवायचे. एकाच लयीत केले तेव्हा आकडे चार-पाच मिलिग्रॅमच्या आत राहिले. मग मामींनी चहा आणला, मी बोलता बोलता मोजू लागलो. एकदा माप टेबलावर टेकले, एकदा नाही. आकडे लगेच फुटले. टेकल्याने दाणे दबून बसतात आणि त्याच मापात जास्त मावतात.

नंतर खसखस काढून पोह्याचा चुरा घेतला. कितीही जपून केले तरी फरक खसखशीहून मोठा. चपटे कण आडवेतिडवे पडतात, एकमेकांवर अडून कमान धरतात, मध्ये पोकळी राहते. पिस्तुलाच्या बऱ्याच दारू अशाच चपट्या चकत्यांच्या असतात, म्हणून मामांचे यंत्र कधी एका खेपेला अडवते आणि पुढच्या खेपेला दोन्हींचे मिळून ओतते. गोल कणांची दारू त्या मानाने सुरळीत वाहते. खळगा उथळ नि रुंद असण्यापेक्षा अरुंद नि खोल बरा, कारण सपाट करताना जी चूक होते ती तोंडापाशी होते. तोंड लहान तर चूक लहान. वरची नळी अर्ध्याखाली येऊ द्यायची नाही, म्हणजे दाब फारसा बदलत नाही. आत आडवी पट्टी बसवली की वरचे ओझे खाली पोहोचत नाही. सुरुवातीची आठ-दहा मापे परत वर ओतायची, म्हणजे कण बसून घेतात. नळी प्लॅस्टिकची असेल तर कोरड्या हवेत कण भिंतीला चिकटतात. आणि दांडा प्रत्येक वेळी त्याच वेगाने, वर तेवढाच ठोका, खाली तेवढाच.

तपासणीच्या बाबतीत मी एक चूक केली, ती सांगतो. दहा मापे एकदम तोलून दहाने भागले आणि सरासरी चोख आली म्हणून खूश झालो. मामांनी तीच दहा मापे पुन्हा वेगवेगळी तोलायला लावली. एक भारी, एक हलके. सरासरीने दोघांना झाकले होते. दहा एकत्र तोलल्याने माप मोठे लागले की लहान एवढे कळते. सारखेपणा कळायला एकेकच तोलावे लागते. शिवाय काटा किती बारीक दाखवतो हेही पाहावे. 2.7 ग्रेन म्हणजे सुमारे 175 मिलिग्रॅम. दहा मिलिग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा काटा येथे जवळजवळ सहा टक्क्यांचा फरक गिळून बसतो. आजोबांचा काटा एका मिलिग्रॅमचा होता म्हणून माझे निभावले.

मी आजोबांना विचारले, दोन गुंजाही कधी अगदी सारख्या नसतात, मग पूर्वीचे सोनार काय करीत? ते म्हणाले, "एकच गुंज धरायची अन् तिनंच सगळं तोलायचं. खोट असली तं सगळीकडं सारखीच पडते." मामा हसले आणि म्हणाले, "बाबा, हेच! माझी सगळी काडतुसं दशांश ग्रेननं कमी असली तरी चालेल. मी पिस्तुलाचा माथा तेवढा सरकवून घेईन. पण एक कमी नि एक जास्त, याला माथा कुठं सरकवू?"

मग मी माझा जुना प्रश्न काढला. शिबिरातले लक्ष्याचे कागद मी वहीत जपून ठेवले होते. मामांनी कागद पाहण्याआधी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. त्यांची गोळी सेकंदाला सुमारे 220 मीटर जाते. पन्नास यार्डांवर पोहोचेपर्यंत ती सुमारे 21 सेंटिमीटर खाली येते. वेग पाच टक्के कमी झाला तर आणखी 23 मिलिमीटर. तिथल्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ साधारण 85 मिलिमीटर व्यासाचे, तेव्हा हा फरक सोसण्याजोगा नाही. प्रत्यक्षात झटक्याने पिस्तुलाची नळी वर उचलली जात असल्याने हळू गोळी कधी वरही लागते. "वर की खाली हे सोड," मामा म्हणाले, "पण डावीउजवीकडे नाही. दारूची चूक उभी पडते."

आता माझी .22 रायफल. वेग सेकंदाला 320 मीटर धरला, अंतर 25 मीटर. गोळी तीन सेंटिमीटर खाली येते. वेगात पाच टक्के फरक पडला तर सुमारे तीन मिलिमीटर. एवढाच.

मी कागद उघडले. माझ्या पाच गोळ्या चार बोटे रुंदीत पसरल्या होत्या, आणि पसरल्या होत्या आडव्या, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशा. तिन्ही कागदांवर तसेच. शिबिरात हवालदारसाहेब दोनदा म्हणाले होते की घोडा ओढू नकोस, दाब. ते मी ऐकून सोडून दिले होते.

सुटी संपल्यावर ज्या चार मित्रांना मी काडतुसांची कहाणी सांगितली होती, त्यांतल्या तिघांना हा हिशेब दाखवला. चौथा आता अमरावतीला शिकतो. हा अंक त्याला पाठवणार आहे. सध्या मी रोज सकाळी रिकाम्या रायफलीच्या नळीवर एक रुपयाचे नाणे ठेवून घोडा दाबण्याचा सराव करतो. दहापैकी सहा-सात वेळा नाणे टिकते. पितळी माप आजोबांनी परत मागितले नाही. ते माझ्या टेबलावर आहे आणि त्यात अजून थोडी खसखस शिल्लक आहे.