आजचं चिंतन : दिवाळं निघतं तेव्हा



आजचा विषय आपण कीर्तनात ऐकतो, पण घरात काढत नाही. कर्ज. आणि नुसतं कर्जही नाही, तर 'हे आता माझ्याच्यानं फिटणार नाही' असं ज्या दिवशी कळतं, तो दिवस.

दिघीत राहणारा तिशीतला एखादा दादा डोळ्यांसमोर आणा. भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा, कर्जावर घेतलेलं मशीन, चाकणच्या कंपन्यांना माल देणाऱ्या सप्लायरचं जॉबवर्क. पेमेंट लांबलं म्हणून पर्सनल लोन काढलं. त्याचा हप्ता चुकू नये म्हणून क्रेडिट कार्ड वापरलं. कार्डाचं बिल भरायला मोबाइलवरचं लोन ॲप. पतसंस्थेत मेहुणा जामीन, बायकोच्या पाटल्या गोल्ड लोनला. आता फोन वाजला तरी पोटात गोळा येतो. वकील म्हणतात, "कोर्टात नादारीचा अर्ज करून टाका." आणि हा रात्री जागाच. गळ्यात माळ आहे, एकादशी करतो, आणि लोकांचे पैसे बुडवायचे? हे पाप नाही का? ज्येष्ठात माऊलींची पालखी दारावरून पुण्याकडे जाईल, तेव्हा कुठल्या तोंडानं हात जोडायचे?

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. दिघीहून आळंदी, आणि तिथून इंद्रायणीच्या काठाने वर गेलं की देहू.

तुकोबांचं दिवाळं

आपण तुकोबांना संत म्हणून ओळखतो. पण त्याआधी ते व्यापारी होते. घरात देहूची महाजनकी, बाजारात दुकान, देवघेवीचा व्यवहार. आईवडील लवकर गेले, थोरले भाऊ सावजी विरक्त होऊन तीर्थाटनाला निघून गेले, आणि सगळा प्रपंच पोरवयात तुकोबांच्या अंगावर आला. त्यात १६३० चा भीषण दुष्काळ. तुकोबा तेव्हा विशीत होते. व्यापार बसला, पैसा गेला, गावातली पत गेली. पहिली बायको रखुमाई अन्नावाचून गेली. मुलगाही गेला.

हे सगळं आपल्याला कुणाकडून कळलं? महिपतींनी चरित्र लिहिलं ते पुढे, अठराव्या शतकात. पण मुळात हे तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलंय. आपल्या चरित्रपर अभंगात ते धंदा बुडाल्याचं सांगतात, बायको कशी गेली ते सांगतात, आणि त्या काळात जिवाला शरम वाटली हेसुद्धा सांगतात. दुसऱ्या एका अभंगात तर दिवाळं हाच शब्द त्यांनी स्वतःसाठी वापरलाय. आडपडदा नाही, दुष्काळावर सगळं ढकलून मोकळं होणंही नाही.

मंडळी, आपण चुकतो ते इथे. आपल्याला वाटतं, कर्ज न फिटणं हे पाप. पण दुष्काळ, मंदी, आजारपण, अडकलेलं पेमेंट यांनी माणूस बुडणं हे संकट आहे, पाप नाही. पाप सुरू होतं ते लपवण्यापासून. एकाचे फेडायला दुसऱ्याकडून खोटं सांगून घेतो, बायकोला अंधारात ठेवतो, पगाराच्या स्लिपमध्ये आकडे बदलतो, तिथून.

'दिवाळं' हा शब्दच बघा ना. व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत, पण जुनी समजूत अशी की शब्द 'दिवा'वरून आला. व्यापारी बुडाला की पेढीवर किंवा घरात भलामोठा दिवा लावून ठेवायचा. तो दिवा दिसला की गावाला कळायचं, याचं संपलं. पुढे हिशेब उघडा व्हायचा आणि उरलंसुरलं देणेकऱ्यांत वाटलं जायचं. म्हणजे दिवाळं काढायचं तर आधी उजेड करायचा. आपण मात्र आज त्याच वेळी फोन स्विच ऑफ करून अंधारात बसतो.

इंद्रायणीत नेमकं काय बुडवलं?

तुकोबांची एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण बरेचदा उलटी. 'तुकोबांनी कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडवले, मग आपणही बुडवू' असं गमतीत म्हणतात. पण ते कागद तुकोबांच्या देण्याचे नव्हतेच. ती लोकांनी लिहून दिलेली खतं होती, म्हणजे तुकोबांच्या घराला *येणं* असलेल्या रकमांची. परंपरा सांगते की तुकोबा भामचंद्र डोंगरावर चिंतनाला बसले होते (आजच्या चाकण एमआयडीसीच्या शेजारचाच हा डोंगर), धाकटे भाऊ कान्होबा शोधत आले, आणि मग इंद्रायणीच्या काठावर खतांची वाटणी झाली. अर्धी कान्होबांना दिली. उरलेली, स्वतःच्या वाट्याची, तेवढीच नदीत सोडली.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, तुकोबांनी स्वतःची देणी नाही, दुसऱ्यांवरचा स्वतःचा हक्क सोडला. दोन, कान्होबांच्या वाट्याला हात लावला नाही. भावाला संसार करायचा होता, आणि आपलं वैराग्य त्याच्या पैशातून करायचं नाही हे भान तुकोबांना होतं.

सोडायचं ते आपलं, दुसऱ्याचं नाही. हे एवढं वाक्य लक्षात ठेवलं, तर नादारीचा कायदासुद्धा नीट समजतो.

कोर्टातला दिवा

२०१६ ची दिवाळखोरी संहिता आली तेव्हा वाटलं होतं की साध्या माणसालाही नवा मार्ग मिळेल. पण व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि तिच्या कर्जावर तुमची हमीची सही असेल, तर तो रस्ता. बाकी नोकरदार, दुकानदार, स्वतःच्या नावावर गाळा चालवणारे, यांच्यासाठी आपल्याकडे अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा चालतो. अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे आपल्याला शिवाजीनगरला.

अर्जात काय लिहायचं? कुणाकुणाचं किती देणं, त्यांची नावं, पत्ते. आणि स्वतःकडे काय काय आहे, सगळं. वह्या, हिशेब दाखवायचे. लपवलं तर शिक्षा आहे. बघा, हा तोच जुना दिवा आहे.

माणूस नादार ठरला की त्याची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि देणेकऱ्यांत वाटली जाते. मग कोर्टाच्या परवानगीशिवाय त्या देण्यांसाठी कुणी वेगळा दावा लावू शकत नाही. अटकेपासून संरक्षणही मागता येतं. पण सगळं काढून घेतात असं नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, आणि धर्मरीतीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, यांना जप्तीतून सूट आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या रुक्ष कायद्यालाही एवढं कळत होतं की माणूस बुडाला तरी त्याची चूल आणि बायकोचं मंगळसूत्र राहिलं पाहिजे.

आणखी एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. शेवटी मुक्तता देताना कोर्ट बघतं की मालमत्तेतून रुपयाला निदान आठ आणे तरी निघतात का. नसतील निघत, तर मुक्तता अडू शकते. पण आठ आणेही न उरण्याला कारणीभूत परिस्थिती आपल्या हातातली नव्हती, हे पटवून दिलं तर ती आडकाठी राहत नाही. म्हणजे 'बुडालास का' एवढंच नाही, 'कसा बुडालास' हेही कायदा विचारतो. मग आपण रात्री अंथरुणात स्वतःला याहून कठोर न्याय का लावायचा?

हा पळून जायचा रस्ता नाही

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर चिंतन अर्धवट राहील.

ज्या कर्जाला घर किंवा गाडी तारण आहे, त्या बँकेचा तारणावरचा हक्क तसाच राहतो. सरकारी देणी आणि फसवणुकीतून झालेली देणी मुक्ततेनंतरही सुटत नाहीत. चेक बाउन्सचा खटला हे वेगळं प्रकरण. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला झुकतं माप देऊन गुपचूप पैसे दिले, किंवा आधीच्या दोन वर्षांत फ्लॅट भावाच्या नावावर बक्षीस करून टाकला, तर कोर्ट ते व्यवहार रद्द करू शकतं. कारण ते आता 'आपलं' उरलेलं नसतं. तसंच, कंपनीकडे अडकलेलं तुमचं पेमेंट तुकोबांसारखं सोडून देऊ नका. त्यावर आता तुमच्या देणेकऱ्यांचा हक्क आहे. नोंदणीकृत छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असा २००६ चा कायदा आहे. आधी ते मागा.

आणि सगळ्यात जड गोष्ट. तुम्ही मुक्त झालात तरी जामीनदार मुक्त होत नाही. पतसंस्था मेहुण्याच्या दारात जाऊ शकते. म्हणून वकिलाच्या ऑफिसात जायच्या आधी मेहुण्याकडे जा. समोर बसा, आकडा सांगा. तो चिडेल, त्याला तो अधिकार आहे. पण त्याला नोटीस आल्यावर कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू द्या.

बायकोलाही सांगा. तुकोबांच्या चरित्रकथांत येतं की जिजाईंनी स्वतःच्या नावावर कर्ज काढून त्यांना व्यापाराला भांडवल दिलं. आपण जिजाईंना कजाग म्हणून हसतो, पण त्या घराच्या देण्याची झळ त्यांनीच सोसली. ज्याची झळ घरच्या बाईला बसणार, तो आकडा तिला आधी कळायला हवा की नको?

'बरं झालं' कुणी म्हणायचं?

तुकोबांनी पुढे देवाला म्हटलं की हे दिवाळं निघालं ते माझ्या भल्याचंच ठरलं. फार मोठं बोलणं आहे ते. पण ते तुकोबांनी *स्वतःबद्दल* म्हटलं, आणि संकटातून पार पडल्यावर म्हटलं. रखुमाई जात असताना कुणी शेजारी येऊन 'तुका, बरं झालं हो' म्हणाला असता, तर ती भक्ती झाली असती का?

म्हणून मंडळी, आपल्या ग्रुपमधला कुणी बुडत असेल तर त्याला 'देव परीक्षा घेतोय' असं सांगायला जाऊ नका. त्याच्या बरोबर कोर्टात जाऊन बसा. डबा द्या. बाकी अर्थ त्याला सापडेल तेव्हा सापडेल.

आणि दादा, ताई, जे स्वतः यात आहात त्यांना. नुसतं कर्ज थकलं म्हणून तुरुंगात टाकता येत नाही. पैसे असून बुडवणारा आणि खरोखर नसलेला यांत फरक करायला हवा, हे सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच सांगितलंय. बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. विनापरवाना सावकार छळत असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि जीव नकोसा वाटू लागला, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. फोन करणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नाही.

दिवाळं निघाल्यावर तुकोबांनी हाती घेतलेलं काम ठाऊक आहे ना? गावातलं पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं. पत गेली होती, पैसा गेला होता. हात शिल्लक होते.

आजचा नेम : हरिपाठ झाल्यावर एक वही घ्या. डाव्या पानावर सगळी देणी, एकही न वगळता. उजव्या पानावर जे आहे ते, आणि जे येणं आहे ते. बेरीज करा. मग ती वही घरातल्या एका माणसाला दाखवा. अर्ज करायचा की नाही, हे वकिलाशी बोलून सावकाश ठरवा. दिवा मात्र आजच लावा.

राम कृष्ण हरी.