मृगात शेळी भरवताना : गर्भाशयाच्या अस्तराला जपा

मृगाचा पाऊस पडून गेला, बांधावर कोवळा पाला फुटला की गोठ्यातल्या शेळ्या माजावर येऊ लागतात. आपल्या उस्मानाबादी, संगमनेरी शेळ्या तशा वर्षभर माजावर येतात. पण जून-जुलैत हे प्रमाण वाढते. १० जूनला भरवलेली शेळी १५० दिवसांनी, म्हणजे ७ नोव्हेंबरच्या आसपास विते. तोवर पावसाचा चिखल सरलेला असतो, चारा हाताशी असतो. थंडीपासून आडोसा केला की करडे चांगली जगतात.

हा हंगाम साधायचा तर शेळी वेळेत गाभ गेली पाहिजे. गाभ गेली नाही की आपण बोकडाला दोष देतो. बऱ्याचदा दोष शेळीच्या प्रजनन मार्गाच्या आतल्या अस्तरात असतो. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत या अवयवांचे पाच-सहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाच-सहा पट इतक्याच जाडीचे काप काढतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींची केंद्रके जांभळट-निळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. त्या कापांत जे दिसते, त्यातूनच या हंगामातील कामांची दिशा ठरते.

भरवण्याआधी : अंडाशय आणि खुराक

अंडाशयाच्या बाहेरच्या थरात असंख्य बीजपुटिका असतात. हा साठा मादी करडू आईच्या पोटात असतानाच तयार होतो. नंतर त्यात भर पडत नाही. प्रत्येक पुटिकेत एक बीज आणि त्याभोवती पेशींचे कडे असते. पुटिका वाढते तसे या पेशींचे थर वाढतात आणि मधोमध द्रवाची पोकळी तयार होते. अनेक पुटिका वाढीला लागतात, पण बहुतेक वाटेतच जिरून जातात. पूर्ण पिकून फुटतात त्या एक, दोन, क्वचित तीन. जुळी करडे मिळणार की एकच, हे इथे ठरू लागते.

म्हणून भरवण्याआधी दोन-तीन आठवडे शेळीला रोज २०० ते ३०० ग्रॅम जादा खुराक आणि सोबत खनिज मिश्रण द्या. उन्हाळ्यात खंगलेल्या शेळीला याचा विशेष फायदा होतो. जंतनाशक भरवण्याआधीच पाजून घ्या. गाभ राहिल्यानंतर पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका. त्याने गर्भात व्यंग येऊ शकते. पाटीचे वजन पूर्ण वाढीच्या किमान दोन तृतीयांश झाल्याशिवाय तिला बोकड दाखवू नका.

भरवण्याची वेळ : सोट पाहा

गर्भाशयाच्या ग्रीवेत आडव्या, कडक वळ्या असतात. वळ्यांवरच्या उभट पेशी चिकट स्राव बनवतात. एरवी हा स्राव दाट असतो आणि ग्रीवेचे दार बंद ठेवतो. माज आला की तो पातळ होतो आणि शुक्राणूंना वाट मिळते. बोकड वीर्य योनीत सोडतो. पुढची वाट शुक्राणूंना याच वळ्यांमधून काढावी लागते.

निरणाबाहेर लोंबणारा सोट म्हणजे बहुतांशी हाच स्राव. तो दोन बोटांत धरून ताणून पाहा. माजाच्या सुरुवातीला तो काचेसारखा स्वच्छ असतो, मग गढूळ होत जातो आणि माज संपताना पांढरट, घट्ट होतो. माज २४ ते ४८ तास टिकतो आणि बीज माज सुरू झाल्यापासून साधारण ३० ते ३६ तासांनी सुटते. म्हणून माज दिसल्यानंतर १२ तासांनी एकदा आणि पुन्हा १२ तासांनी दुसऱ्यांदा बोकड दाखवा. सकाळी माजावर दिसलेली शेळी संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरवा. सोट पिवळसर, पूमिश्रित किंवा दुर्गंधीचा असेल तर भरवू नका; आधी पशुवैद्यकाला दाखवा. अशा शेळीमुळे बोकडालाही संसर्ग होऊ शकतो आणि त्याच्याकडून तो कळपभर पसरतो.

पहिला महिना : शेळीला स्वस्थ ठेवा

बीजवाहिनीच्या रुंद भागात आतले अस्तर उंच, फांद्या फुटलेल्या घड्यांचे असते. तिथे दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी दिसतात. एकींवर बारीक केसांसारख्या लोमिका असतात. त्या बीज पुढे सरकवायला मदत करतात. दुसऱ्या पेशी पोषक स्राव देतात. फलन इथेच होते. चार-पाच दिवसांत गर्भ गर्भाशयात उतरतो, पण लगेच चिकटत नाही. चिकटण्याची प्रक्रिया तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. तोवर तो गर्भाशयाच्या अस्तरातील ग्रंथींच्या स्रावावरच वाढतो.

या काळात शेळी बाजारात नेणे, टेम्पोतून लांब प्रवास करवणे, चारा एकाएकी बदलणे, भर पावसात भिजत ठेवणे टाळा. जादा खुराक भरवल्यानंतरही दोन-तीन आठवडे चालू ठेवा.

शेळीत गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन पाचही महिने मुख्यतः अंडाशयावरील पीतपिंडातून मिळते. त्यामुळे पीतपिंड विरघळवणारे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन गाभण शेळीला कोणत्याही महिन्यात दिले तरी ती गाभडते. माज आणण्याचे इंजेक्शन गाभण तपासणीशिवाय कधीही टोचून घेऊ नका.

व्यायल्यानंतर : अस्तर भरून येऊ द्या

गर्भाशयाच्या आत ओळीने मांडलेले शंभरावर उंचवटे असतात. त्यांच्यात ग्रंथी नसतात. ग्रंथी मधल्या जागेत असतात. गाभणपणात हे उंचवटे मोठे होऊन वाटीसारखे खोलगट बनतात आणि वारेचे झुबके त्यांत घट्ट रुततात. गर्भाला लागणारे बहुतेक पोषण या जोडांतूनच जाते.

शेळी व्यायल्यावर वार सुटते, पण उंचवट्यांची जागा उघडी, हुळहुळी राहते. ओढून वार काढली की हे उंचवटे फाटतात, रक्तस्राव होतो आणि जंतूंना दार उघडे मिळते. म्हणून वार ओढू नका आणि तिला वजन बांधू नका. १२ तासांत पडली नाही तर पशुवैद्यकाला बोलवा. गर्भाशयाचा दाह जुनाट झाला की ग्रंथींभोवती तंतुमय पेशीजाल वाढते आणि ग्रंथी निकामी होतात. अशी शेळी दर २१ दिवसांनी उलटत राहते.

अस्तर नव्याने भरून यायला तीन-चार आठवडे लागतात. तरीही निदान दोन महिने शेळी भरवू नका. तिच्या अंगावर करडे पीत असतात. तिसऱ्या महिन्यात भरवली तरी आठ महिन्यांना एक, म्हणजे दोन वर्षांत तीन वेत मिळतात.

गाभडलेल्या शेळीबाबत

शेवटच्या दोन महिन्यांत गाभडलेली शेळी ब्रुसेलोसिसची असू शकते. हे जंतू वारेत मोठ्या संख्येने वाढतात आणि माणसालाही आजारी पाडतात. वार किंवा गर्भ उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका. पशुवैद्यकाने तपासणीसाठी नमुना घेतला की उरलेले चुना टाकून खोल पुरा. शेळी वेगळी बांधा, दूध उकळूनच वापरा.

प्रत्येक शेळीची व्यायल्याची आणि भरवल्याची तारीख वहीत लिहा. भरवल्यापासून १८ ते २२ दिवसांत तिच्यावर लक्ष ठेवा. दोनदा उलटली तर तिसऱ्यांदा बोकड दाखवण्याआधी पशुवैद्यकाकडून तपासून घ्या.