भुसा दिसण्याआधी

आमच्या सोसायटीतला रायवळ आंबा भिरुडाने, म्हणजे खोड पोखरणाऱ्या अळीने खाल्ला, असं सगळे म्हणतात. खोडाच्या भोकांतून भुसा गळत होता, डिंक ओघळला होता, एका अंगाच्या फांद्या वाळत गेल्या. तसं वाटणं साहजिक आहे. मला मात्र पटत नाही. भिरूड आलं ते शेवटी. झाड त्याच्या आधीच तहानेने खंगलं होतं. ज्यांच्या अंगणात जुनं झाड आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आवारात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा कंत्राटदाराने ते पार बुंध्याला भिडवले. २०१८ च्या पावसाने राज्याच्या बऱ्याच भागांत दगा दिला, आणि एप्रिल २०१९ मध्ये पुण्यात पारा ४३ अंशांवर गेला. जो काही पाऊस पडला, तो ब्लॉकवरून वाहून गटाराला मिळाला होता.

झाड मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी पानांवाटे हवेत सोडतं, म्हणून पान गार राहतं. ओल कमी पडली की ते पानांची रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं खरं, पण कार्बन डायऑक्साइडही त्याच वाटेने आत येतो, त्यामुळे अन्न तयार होणं मंदावतं. पोसलेलं झाड डिंक सोडून कोवळी अळी सालीतच अडवू शकतं. उपाशी झाडात ती ताकद उरत नाही.

माळीदादांनी सायकलच्या चाकाच्या तारेला आकडा करून एक अळी बाहेर ओढली. बोटाएवढी जाड, पिवळट पांढरी, बिनपायांची, जबडे काळे कुळकुळीत. तिच्यामागे ओला, चावून टाकलेला भुसा. ती पोखरत होती ते सालीखालचं ओलं लाकूड. मुळांचं पाणी शेंड्याकडे चढतं तेही याच लाकडातून. म्हणजे आधी खाली पाणी नाही, आणि मग असलेलं पाणी वर न्यायची वाटही तुटलेली. या अवस्थेत टँकर आणून ओतला तरी वाळलेली फांदी परत येत नाही.

मुंबईत गेल्या दशकात कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळले. नाव पिठ्या ढेकणाचं झालं, पण बुंध्याला आवळणाऱ्या काँक्रीटकडेही जाणकारांनी बोट दाखवलं होतं. दिल्लीत तर झाडाभोवतालचं १ मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच बजावलं. आपल्याकडे तेवढं जरी झालं तरी किती झाडं तगतील!

आमचा दुसरा आंबा तगला, कारण त्याच्याभोवतीचे ब्लॉक वेळेत निघाले. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो: पाणी बुंध्याशी ओतू नका. पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर पसरलेली असतात. तिथे आळं करा आणि पाइप अगदी बारीक धारेवर सोडा. १ चौरस मीटर जमिनीवर १ लिटर पाणी म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर पाऊस. मोठ्या झाडाला एक बादली घालून काय होणार? पाणी मुरल्यावर लोखंडी सळई दाबून बघा. ओल असेल तिथवर ती सहज जाते. दीड-दोन फूट गेली तर पाणी पुरलं. मग माती वरून नीट सुकेपर्यंत थांबा, कारण सततच्या चिखलात मुळं गुदमरतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मोठ्या झाडाला रोज घालू नका, त्यात क्षार फार असतात.

वाळका पाला जाळू नका. तीन-चार इंचांचा थर त्याच आळ्यात पसरा, फक्त बुंध्यापासून वीतभर दूर.

आंब्याला पावसाळ्यानंतर मोहोरापर्यंत ताण द्यायचा हा बागायतदारांचा नियम चांगल्या झाडासाठी ठीक आहे. आजारी झाडाच्या बाबतीत फळाचा लोभ सोडा आणि त्याला पाणी द्या.

कोवळी पालवी दुपारी मलूल दिसली तर घाबरू नका. पहाटेही ती तशीच असेल तर मात्र मुळाशी ओल नाही किंवा मुळं तरी कुजली आहेत. त्याच दिवशी सळई घेऊन खाली उतरा. खोडाशी ताजा भुसा दिसला तर अळी तारेने काढून कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने औषधाचा बोळा घाला आणि भोक चिखलाने लिंपून टाका.

झाड तोडायचीच वेळ आली तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. आणि ती लाकडं आवारात रचून ठेवू नका. आतल्या अळ्या जिवंत राहतात, आणि पावसाच्या सुमारास त्यांचे भुंगेरे होऊन शेजारच्या आंब्यावर अंडी घालतात.