पोराच्या हातात बोळा दिसला तर

रेल्वे फलाटावर राहणाऱ्या मुलांमध्ये मी काम करते. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्यूशन, जे मिळेल ते ती कापडाच्या बोळ्यावर ओतून हुंगतात. त्यांच्यात वावरून जे कळलं ते सांगते.

१. पोराच्या मागे धावू नका, ओरडू नका. या वाफांमुळे हृदय फार नाजूक होतं. अशा वेळी पोर घाबरून पळालं की अॅड्रेनालिन उसळतं, ठोके बिघडतात आणि हृदय थांबू शकतं. पहिल्यांदाच हुंगणारं मूलही असं दगावतं. म्हणून काठी आपटत येणाऱ्या माणसाला मी आधी हात जोडून थांबवते. शांतपणे जवळ जायचं, बोळा बाजूला करायचा, मोकळ्या हवेत बसवायचं. जवळपास कुणी विडीसुद्धा पेटवू नये, वाफ भडकते. शुद्ध हरपली तर कुशीवर वळवून लगेच १०८ ला फोन.

२. आधी जेवण, मग बोलणं. ‘ताई, ओढलं की भूक लागत नाही,’ असं मुलं सरळ सांगतात. थंडी वाजत नाही, रात्रीची भीती वाटत नाही. भुकेल्या पोराला व्यसनाचे तोटे काय सांगायचे?

३. हे फक्त फलाटावरचं दुखणं नाही. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय अहवालात हुंगण्याच्या नशेचं प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आहे. घरातल्या मुलाच्या कपड्यांना रंगाचा वास, नाकातोंडाभोवती पुरळ, जड जीभ जाणवली, तर दप्तर उलटंपालटं करण्याआधी त्याच्याजवळ बसा.

४. दुकानदाराशी ओळख ठेवा. बाटलीतल्या व्हाइटनरच्या किरकोळ विक्रीवर केंद्रानं २०१२ मध्ये बंदी घातली. सोल्यूशन आणि रंगाचं थिनर मात्र कामाच्या वस्तू, त्या राहणारच. एकटं पोर रोज तेच मागू लागलं, तर ते आधी गल्ल्यावरच्या माणसाला कळतं. त्यानं आम्हाला कळवलं, तर फार वेळ वाचतो.

५. सुटायला वेळ लागतो. थिनरमधलं टोल्यूइन मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण झिजवतं. चाल अडखळते, शिकलेलं आठवत नाही. हुंगण्याची ओढ घालवणारं खास औषध नाही. झोप, अन्न, शाळा आणि रोज भेटणारं एक मोठं माणूस लागतं. पोर पुन्हा घसरलं तरी त्या माणसानं दुसऱ्या दिवशी यायचंच.

६. मुलांसाठी १०९८, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. हे दोन्ही क्रमांक आजच फोनमध्ये साठवा.