पुरुषांच्या पटावर रोहिणी खाडिलकर

महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली सुरू झाली. पहिले विजेतेपद मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी मिळविले. पुढे त्यांच्या भगिनी जयश्री व रोहिणी याही विजेत्या ठरल्या.

१९७६ मध्ये, वयाच्या अवघ्या १३ व्या वर्षी, रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. तोवर एकही महिला त्या स्पर्धेत खेळलेली नव्हती. साहजिकच हरकत घेण्यात आली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भाग घेण्यापासून महिलांना रोखता येणार नाही. ज्या खेळात शरीरबळाचा प्रश्नच उद्भवत नाही, त्यात असा वाद व्हावा, हेच नवल! आमच्या मते त्या निर्णयाचे मोल कोणत्याही विजेतेपदाहून कमी नाही.

विजेतेपदेही थोडी नव्हेत. राष्ट्रीय महिला विजेतेपद त्यांनी पाच वेळा पटकाविले. १९८१ साली हैदराबाद येथील आशियाई महिला स्पर्धेत त्या अपराजित राहिल्या व १२ पैकी ११.५ गुण मिळवून विजयी झाल्या. १९८३ मध्ये क्वालालंपूर येथे त्यांनी तो मान पुन्हा मिळविला.