सागरावरील वायूंची मोजणी

पुण्याच्या कसबा पेठेत, म्हणजे या नगराच्या सर्वांत जुन्या वस्तीत, सकाळी फिरावयास निघाले की वाऱ्याबरोबर नाना गंध येतात. ग्रामदैवत कसबा गणपतीच्या मंदिरातील उदबत्तीचा सुवास येतो, तांबट आळीतील भट्टीचा धूर येतो आणि जवळून वाहणाऱ्या मुठेच्या गाळाचा उग्र दर्पही येतो. वाऱ्याची एक झुळूक येते आणि सारे नाहीसे होते. पण मुलांनो, ते खरोखरच नाहीसे होते काय? नाही. ते केवळ आपल्या नाकास कळेनासे होते. हिवाळ्यात जमिनीकडून वाहणारे वारे आपल्या गावांवरील हवा सह्याद्रीचे घाट उतरवून दूर समुद्रावर नेऊन सोडतात.

या हवेत मिथेन नावाचा एक वायू असतो. त्यास रंग नाही, वासही नाही. १७७६ साली व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून, वर येणाऱ्या बुडबुड्यांतून तो गोळा केला. दलदली, पाण्याने भरलेली भातखाचरे, गुरांची पोटे, कचऱ्याचे ढीग आणि कोळशाच्या खाणी ही त्याची उगमस्थाने होत.

हवेत या वायूचे प्रमाण अत्यल्प असते. दहा लाख भाग हवेत मिथेनचे दोन भागही पुरते भरत नाहीत. वीस किलो तांदळात सुमारे दहा लाख दाणे असतात. त्यांतील दोन दाणे वेगळे ओळखावयाचे, असेच हे काम आहे! मग एवढ्याशा वायूची चिंता का करावी? कारण असे की, पृथ्वीवरून परतणारी उष्णता तो अडवून धरतो. शंभर वर्षांचा हिशेब केला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो पृथ्वीला सुमारे २८ पट अधिक तापवितो. आणि यंत्रयुगाच्या पूर्वी होता, त्याच्या अडीच पटींहून अधिक मिथेन आज हवेत आहे.

तो मोजावयाचा कोठे? गजबजलेल्या पेठेत मोजला, तर शेजारची चूल आणि गटार यांचाच हिशेब हाती येईल. उघड्या समुद्रावर मात्र चुली नाहीत, गटारे नाहीत. दूरदूरच्या देशांची हवा तेथे एकत्र मिसळते. म्हणून शास्त्रज्ञांनी समुद्र आणि समुद्रकाठ निवडला.

दक्षिण गोव्यात काबो द रामा हे भूशिर अरबी समुद्रात पुढे आलेले आहे. तेथे १९९३ सालापासून अनेक वर्षे काचेच्या कुप्यांत हवा भरून घेण्यात आली. अहमदाबादची भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ यांनी हे कार्य मिळून केले. कुप्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत तपासल्या जात. तेथे हवेचा नमुना एका लांब, बारीक नळीतून सोडतात. निरनिराळे वायू नळीतून निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात. मिथेन बाहेर येताच तो हायड्रोजनच्या ज्योतीत जळतो आणि त्यामुळे उत्पन्न होणाऱ्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहावरून त्याचे प्रमाण कळते. प्रमाण आधीच ठाऊक असलेला वायूही त्याच यंत्रातून सोडून ताळा पाहतात. वजने खोटी असतील, तर तराजू कितीही सुंदर असून काय उपयोग?

या मोजणीतून एक मोठी गोष्ट उघड झाली. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारी हवा महासागरावरून येते, तेव्हा मिथेन कमी भरतो. हिवाळ्यात वारा जमिनीकडून वाहू लागला की तो वाढतो. जागा एकच, परंतु ऋतू पालटताच हवा पालटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर मोजणी केली, तेव्हा तेथेही हेच दिसले.

१९९९ च्या आरंभी वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झेन यांच्या पुढाकाराने अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावरील हवा तपासली. भारताचे ‘सागर कन्या’ जहाज त्या मोहिमेत होते. जहाजावर मोजणी करताना स्वतःच्या धुराड्याचा धूर नमुन्यात मिसळू नये, याची फार दक्षता घ्यावी लागते. दुसऱ्याचा दोष मोजणाऱ्याने आधी आपला धूर दूर ठेवावा, हेच खरे! किनाऱ्यापासून शेकडो कोस दूरही त्यांना धुराचा तपकिरी थर पसरलेला आढळला. तो जमिनीवरूनच आलेला होता.

मात्र निराश होण्याचे कारण नाही. उष्ण कटिबंधातील प्रखर ऊन आणि बाष्प यांच्या योगाने हवेत असे कण निर्माण होतात, की ते मिथेनचा नाश करतात. हवेत गेलेला मिथेन साधारणतः दहा वर्षे टिकतो. म्हणून आज आपण तो कमी सोडला, तर त्याचे फळ तुमच्या हयातीतच दिसेल. ओला कचरा उघड्यावर कुजत न टाकता बंद टाकीत कुजविला, तर हाच मिथेन घरच्या शेगडीत निळ्या ज्योतीने जळतो. वाऱ्याला कुंपण नसते. पेठेतील हवा ही सागराचीही हवा आहे.

स्वाध्याय

१. मिथेनची उगमस्थाने कोणती?
२. मोजणीसाठी समुद्रकाठ का निवडला?
३. ‘जागा एकच, परंतु ऋतू पालटताच हवा पालटते’ हे विधान स्पष्ट करा.
४. ‘आधी आपला धूर दूर ठेवावा’ या वाक्यातून तुम्हांस कोणता बोध मिळतो?
५. समानार्थी शब्द लिहा : सागर, वारा, सुवास.